तो मळ नव्हताच!

लग्नसराई जवळ आली की या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूर बदलतो. एरवी लोणच्याला बुरशी का येते, मुलं भाजी खात नाहीत त्याला काय करावं, असं विचारणाऱ्या मैत्रिणी एकदम मान, काख, कोपर आणि गुडघे यांच्यावर येतात. ब्लाऊजचा मागचा गळा मोठा शिवायचा आहे आणि मान काळी आहे, काय लावू? मुलगी बिनबाह्यांचा ड्रेस घालत नाही, काखा काळ्या पडल्यात म्हणते, काय करू? परकराच्या नाडीखाली काळा पट्टा उमटलाय, तो जाईल का? कॉलेजच्या मुलींचे प्रश्न आणखी पुढचे. नायसिनमाईड लावू की ग्लायकोलिक? किती टक्क्यांचं घेऊ?

या सगळ्यांना आज एकदमच उत्तर देणार आहे. पण त्याआधी आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. कारण या बाबतीत मी स्वतः चुकले आहे, आणि तेही तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून!

आमचं घर तुमच्यापैकी अनेकांसारखंच दुभाषी. सासूबाई मुलींशी कन्नडमधून बोलतात, मी मराठीतून बोलते आणि भांडणं दोन्ही भाषांतून होतात. धाकटी बारा-तेरा वर्षांची झाली तेव्हापासून तिची मान मागच्या बाजूने काळपट दिसायला लागली. दर रविवारी न्हाणीघरात तिला पाटावर बसवून सासूबाई वाळक्या घोसाळ्याच्या जाळीने तिची मान घासत. ‘होलसु कुंतैती, तिक्कू!’ म्हणजे मळ बसलाय, घास! त्यांचे हात दमले की मी घासायचे. पोर ‘अज्जी, उरी आगतैती’ म्हणून कळवळायची. कधी कधी कातडी लाल व्हायची. पण दुसऱ्या रविवारी मान पुन्हा तितकीच काळी, उलट थोडी जास्तच.

शाळेत एकदा बाईंनी सगळ्या वर्गासमोर तिला सांगितलं, मान स्वच्छ धुवून येत जा. ती घरी येऊन काही बोलली नाही. फक्त दोन वेण्या घालायचं सोडून केस मोकळे ठेवायला लागली. मला वाटलं, वय आहे, नखरे करायचंच वय. खरं कारण मला चार वर्षांनी कळलं.

पहिली चूक घासण्याची. आपल्या कातडीच्या तळच्या थरात रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य बनवतात आणि वरच्या पेशींना पुरवतात. हे रंगद्रव्य म्हणजे कातडीची छत्री. ऊन लागलं, भाजलं, खरचटलं, सतत घासलं गेलं की या पेशींना वाटतं संकट आलं, आणि त्या आणखी रंग तयार करतात. आपल्यासारख्या सावळ्या किंवा गव्हाळ कातडीत ही सवय जास्तच. म्हणून आपल्याकडे साधी पुटकुळी बरी झाली तरी डाग महिनोन्‌महिने राहतो. शिवाय सतत घासलेली कातडी जाड होते, कुदळ मारणाऱ्याच्या हाताला घट्टे पडतात तशी. म्हणजे आम्ही दर रविवारी मळ काढत नव्हतो, काळेपणा वाढवत होतो.

दुसरी चूक लिंबाची. धाकटी पी.यू.च्या पहिल्या वर्षाला होती. २०२२ सालची गोष्ट. कॉलेजच्या कार्यक्रमात तिला नाचायचं होतं आणि पोशाखाचा गळा मोठा होता. मी लिंबाच्या फोडीवर साखर घेऊन तिची मान आणि खांदे चोळले. वरवर धुतलं आणि ती तालमीला गेली. तालीम उघड्या मैदानावर, भर उन्हात. दुसऱ्या दिवशी मानेवर लाल चट्टा, आणि चार दिवसांनी खांद्यावर लिंबाचा रस जिथे ओघळला होता तिथे तपकिरी ओघळ उमटले! ते पुसट व्हायला दोन महिने लागले.

लिंबाच्या रसात आणि विशेषतः सालीत अशी द्रव्यं असतात की ती कातडीवर असताना ऊन लागलं, तर कातडी भाजल्यासारखी होते आणि मग काळी पडते. आंबटपणाने रंग उडतो हे मला ठाऊक होतं, उन्हाचा हा धडा ठाऊक नव्हता. खाण्याचा सोडाही तसाच. तो लिंबाच्या उलट जातीचा, पण कातडीला तितकाच कडक. बेसन, दही, हळद यांनी काही बिघडत नाही, अंग मऊ लागतं, पण जुना डाग त्यांनी जात नाही.

तिसरी चूक मात्र आमच्या हातून होता होता टळली, ती माझ्या जाऊबाईंच्या अनुभवामुळे. त्यांनी काही वर्षांपूर्वी शेजारणीच्या सांगण्यावरून औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय एक ट्यूब आणली होती. दहा-बारा दिवसांत चेहरा असा उजळला की गल्लीतल्या चारजणींनी तीच ट्यूब मागवली. तीन महिन्यांनी चेहरा लालबुंद, बारीक शिरा दिसायला लागल्या, पुटकुळ्या आल्या, गालांवर लव वाढली. लावणं थांबवलं की आग आग, लावलं की बरं वाटायचं. त्यातून बाहेर पडायला त्यांना वर्ष लागलं.

त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावं लक्षात ठेवा. ही औषधं वाईट नाहीत. इसबासारख्या आजारात डॉक्टर ती मोजून देतात. पण गोरं होण्यासाठी ती नाहीत. काखेत आणि जांघेत तर कातडी पातळ आणि बंद जागा, तिथे ती जास्त मुरतात आणि पोटावर बाळंतपणानंतर पडतात तसे व्रण कायमचे पाडतात. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा औषधांच्या यादीत घातली. तरीही कुणी सहज हातात ठेवलं तर आपण नको म्हणायचं.

आणि ज्या डबीवर आत काय आहे तेच लिहिलेलं नाही, ती तर घरातही आणू नका. गोरं करणाऱ्या काही बेनामी क्रीमांमध्ये पारा असतो. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातल्या, मूत्रपिंडाच्या एकाच प्रकारच्या आजाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास केला. त्यातल्या १५ जणांना त्या आजाराचा एक विरळा प्रकार होता, आणि त्या १५ पैकी १३ जणांनी आजारापूर्वी गोरं करणारी क्रीमं वापरली होती. तोंडाला लावलेलं असं मूत्रपिंडापर्यंत पोचतं. डबीवर मर्क्युरी, मर्क्युरस क्लोराईड, कॅलोमेल असं काही दिसलं तरी तेच समजा.

आता त्या ग्लायकोलिक, नायसिनमाईड मंडळींकडे येते. माझी थोरली बेंगळुरूला नोकरी करते. बहिणीची लिंबाची कथा ऐकून तिने मला फोनवरच झापलं आणि पुढच्या खेपेला चार बाटल्या घेऊन आली. मी आधी नाक मुरडलं. मग आतल्या विज्ञानाच्या बाई जाग्या झाल्या आणि प्रत्येक नाव वाचायला बसले. तेव्हा लक्षात आलं, यातले अर्धेअधिक आपल्या शेजारपाजारचेच.

ग्लायकोलिक आम्ल उसात सापडतं. लॅक्टिक म्हणजे दह्याच्या आंबटपणातलं आम्ल. अझेलेइक गहू आणि जवात असतं. कोजिक आम्ल जपानमध्ये तांदूळ आंबवायला जी बुरशी वापरतात तिच्यापासून मिळतं. नायसिनमाईड म्हणजे बी-३ जीवनसत्त्व. ज्येष्ठमध तर तुमच्याआमच्या घरात खोकल्याला असतोच. अर्थात म्हणून उसाचा रस मानेला लावायचा नाही! बाटलीतलं द्रव्य कारखान्यात मोजून केलेलं असतं, त्याची तीव्रता ठरलेली असते. लिंबाच्या फोडीत आणि बाटलीत हाच तर फरक.

त्यांची कामं वेगवेगळी आहेत, ती समजून घेतली की निम्मा गोंधळ संपतो. ग्लायकोलिक, लॅक्टिक आणि युरिया हे वरचे मेलेले थर सैल करतात. जिथे कातडी जाड आहे, म्हणजे कोपर, गुडघे, घोटे, तिथे त्यांचा उपयोग. कोजिक, अझेलेइक, ज्येष्ठमधाचा अर्क, आर्बुटिन आणि क जीवनसत्त्व हे रंग तयार करण्याच्या कामात अडथळा आणतात. नायसिनमाईड तयार झालेला रंग वरच्या पेशींकडे जाण्याचा रस्ता अडवतं, शिवाय कातडीची आगही शमवतं, म्हणून नाजूक जागी ते सर्वांत सोसवतं. रेटिनॉइड जातीची मलमं पेशींची उलाढाल वाढवतात. हायड्रोक्विनोन सर्वांत जोरकस, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच आणि ठराविक मुदतीपुरतंच. वर्षानुवर्षं लावलं तर कातडीत निळसर-काळा रंग बसतो आणि तो काढणं फार अवघड. युरोपीय संघाने २००१ सालीच ते उजळ करणाऱ्या सौंदर्यप्रसाधनांतून हद्दपार केलं.

तर आम्ही पद्धतशीर प्रयोग सुरू केला. कोपर-गुडघ्यांना रात्री १० टक्के लॅक्टिक आम्लाचं लोशन, काखेत ५ टक्के नायसिनमाईड, आणि काखेत वस्तरा फिरवणं व वासाचा फवारा दोन्ही बंद. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्याच खिडकीत उभं करून फोटो. दहा आठवड्यांत कोपरं मऊ पडली आणि चांगलीच उजळली. काखेतही फरक दिसला. पण मान? जशीच्या तशी! तिथे आम्ही लॅक्टिक लावलं, नायसिनमाईड लावलं, कोजिक लावलं. रंग हटेना.

शेवटी कातडीच्या डॉक्टरांकडे गेलो. सासूबाईही हट्टाने बरोबर आल्या. डॉक्टरबाईंनी मानेवर फक्त बोट फिरवलं. मग माझं बोट धरून तिथे ठेवलं. ‘मखमलीसारखं लागतंय ना?’ लागत होतं. इतकी वर्षं ती मान मी घासली, पण तिला हात लावून कधी पाहिलं नव्हतं. काखेच्या कडेला बारीक चामखिळीसारखे दाणे होते, तेही त्यांनी दाखवले. मग प्रश्न असे, की मला वाटलं बाई विषय सोडून बोलताहेत. पाळी नियमित येते का? वर्षभरात वजन किती वाढलं? घरात शुगर कुणाला?

सासूबाईंना वीस वर्षांपासून शुगर. आमच्या भागात म्हणतात तशी ‘सक्री ब्यानी’. पायाचं एक बोटही त्यापायी काढावं लागलं होतं. माझ्या यजमानांना चाळिशीतच लागली. मी हे सांगत असताना सासूबाईंनी हळूच मानेवरचा पदर बाजूला केला आणि म्हणाल्या, ‘नन्न कुत्तिगीनू हंग ऐती.’ माझी मानही तशीच आहे. खरंच तशीच होती, जाड, काळी, मखमली. जो डाग नातीच्या अंगावरून त्या चार वर्षं खरवडत होत्या, तो त्यांच्याच घराण्याचा होता, आणि तो मळ नव्हताच!

या डागांना डॉक्टरी भाषेत अकँथोसिस निग्रिकन्स म्हणतात. बहुतेक वेळा त्यामागे इन्सुलिनचं बिनसलेलं गणित असतं. शरीराच्या पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. हे जादा इन्सुलिन कातडीच्या पेशींना वाढायला सांगतं. कातडी जाड होते, तिला बारीक घड्या पडतात आणि रंग गडद दिसतो. मान, काख, जांघ, कधी बोटांची पेरं या जागा ठरलेल्या. रक्तातली साखर वाढण्याच्या कितीतरी आधी मान ही खबर देत असते. आपण मात्र निरोप वाचायच्या ऐवजी तो पुसायला बसतो. कारखाना आत चालू आणि आपण बाहेर रंग पुसतोय, मग क्रीम तरी काय करणार?

रक्त तपासलं. उपाशीपोटीची साखर १०० च्या आत असावी, १०० ते १२५ म्हणजे धोक्याची घंटा आणि १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही तपासणी ५.७ च्या आत हवी, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा, आणि ६.५ पासून पुढे मधुमेह. धाकटीचा आकडा आला ६.१. सोळा वर्षांची पोर उंबरठ्यावर उभी होती आणि आम्ही ब्लाऊजच्या गळ्याची चिंता करत होतो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

डॉक्टरबाईंनी मात्र धीर दिला. उंबरठ्यावरून मागे फिरता येतं, म्हणाल्या. उपाय साधे होते, पण रोजचे. सकाळचा चहा बिनसाखरेचा, त्याबरोबरचे टोस्ट-खारी बंद. भात अर्धा, ताटात आधी कोशिंबीर आणि पल्या, मग भाकरी. डाळ, उसळ, अंडं यांपैकी काहीतरी दोन्ही जेवणांत. कुंदा सणालाच, तोही चमचाभर. आणि रोज पाऊण तास व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत भरभर चालणं. तिला एकटीला नियम लावले असते तर तिने दोन दिवसांत सोडले असते. म्हणून सगळ्या घरानेच ताट बदललं. सासूबाईंनीही कुरकुर न करता बदललं, हे विशेष.

मानेसाठी त्यांनी आठवड्यातून दोन रात्री रेटिनॉइड मलम, बाकीच्या रात्री युरियाचं क्रीम आणि बाहेर पडताना मानेलाही सनस्क्रीन सांगितलं. आणि घासणी कायमची बंद. वर्षभरात वजन सहा किलो उतरलं, पाळी ताळ्यावर आली आणि आकडा ५.६ वर आला. मान मऊ झाली, जवळजवळ निम्मी उजळली. पूर्ण गेली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते. पण आता तीच म्हणते, ‘आई, तो माझा मीटर आहे. गडद व्हायला लागला की चालायला जायचं.’

आता तुमच्या प्रश्नांकडे.

ज्यांच्या मुलीची किंवा स्वतःची मान, काख जाड आणि मखमली लागते, त्यांनी क्रीम घ्यायच्या आधी रक्त तपासून घ्या. घरात शुगर असेल, वजन वाढलं असेल, पाळी पुढेमागे होत असेल तर नक्कीच. बारीक अंगाच्या माणसांनाही हे होऊ शकतं. मुलग्यांच्या मानेकडेही पाहा, त्यांच्या मानेला कुणी विचारत नाही म्हणून तो निरोप वाचायचा राहून जातो. आणि पन्नाशीनंतर असा काळेपणा अचानक, भराभर वाढला आणि वजन मात्र घटत असेल तर अजिबात थांबू नका. पोटातल्या गंभीर आजाराची ती खूण असू शकते.

परकराच्या नाडीचा पट्टा हा घर्षणाचा आणि दाबाचा. आधी नाडी बदला. बारीक गोल नाडीऐवजी रुंद पट्टी शिवून घ्या, गाठ सैल ठेवा, रोज थोडी वरखाली बांधा. रात्री साधं मॉइश्चरायझर आणि हवं तर नायसिनमाईड. कारण तसंच ठेवून लावलेलं कुठलंही द्रव्य फुकट जातं. त्या जागी बरी न होणारी जखम किंवा जाड गाठ असेल तर डॉक्टरांना दाखवा.

काखेसाठी वस्तरा, केस काढण्याचं क्रीम आणि सुवासिक फवारे यांतलं काय सोसत नाही ते आधी शोधा. केस काढल्यावर दोन-तीन दिवस कुठलंही आम्ल लावू नका. जांघेत आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला कपडा घासत असेल तर सुती आखूड चड्डी घाला. पण तिथे खाज असेल, कडा उठलेली गोल चकती असेल तर तो नायटा. त्यावर उजळ करणारं क्रीमही नको आणि दुकानातलं स्टिरॉइड मिसळलेलं मलम तर मुळीच नको, त्याने नायटा दबतो, पसरतो आणि चिवट होतो. पाठीवर, गळ्याच्या हाडावर किंवा नडगीवर लाटांसारखा काळपट खरखरीत पट्टा असेल तर तो बहुतेक वर्षानुवर्षं जाळीने घासल्याचा. जाळी टाकून द्या आणि डॉक्टरांना दाखवा.

कोपर, गुडघे आणि मांडी घालून बसल्याने काळे पडलेले घोटे यांना लॅक्टिक किंवा युरियाचं १० टक्के क्रीम पुरतं. फरशी पुसताना, पूजेला बसताना खाली जाड घडी घ्या.

आणि काही नियम सगळ्यांसाठी. एका वेळी एकच नवी गोष्ट. आधी कोपराच्या आतल्या बाजूला तीन रात्री लावून बघा. सुरुवात दर तिसऱ्या रात्री, वाटाण्याएवढं. चेहऱ्याचं तीव्र द्रव्य काखेत-जांघेत लावू नका, तिथे सौम्यच हवं. आग किंवा खाज झाली तर थांबा, ‘आग होतेय म्हणजे काम करतंय’ हे साफ खोटं. उघड्या भागावर दिवसा सनस्क्रीन हवंच, नाहीतर रात्री उतरवलेला रंग दुपारी परत चढतो. अंगाची कातडी चेहऱ्यापेक्षा सावकाश बदलते, म्हणून आठ ते बारा आठवड्यांशिवाय निकाल बघू नका. लग्नाला पंधरा दिवस राहिले असताना तर काहीच नवं सुरू करू नका. दिवस गेलेले असतील किंवा तसा विचार असेल तर रेटिनॉइड आणि हायड्रोक्विनोन टाळा. अझेलेइक आणि नायसिनमाईड साधारणपणे चालतात, पण तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

मैत्रिणींनो, डाग कमी करावासा वाटणं यात गैर काही नाही. धाकटीलाही वाटलं होतं. पण डाग कमी करणं वेगळं आणि गोरं होणं वेगळं. जन्माचा रंग हा आजार नाही, त्यावर औषधही नाही. या देशातल्या सर्वांत प्रसिद्ध क्रीमनेही २०२० साली आपल्या नावातून गोरेपणा काढून टाकला. आता आपल्या तोंडातूनही तो जायला हरकत नाही.

शेवटी एक कबुली. धाकटीच्या वर्गात जे घडलं ते ऐकून मला त्या बाईंचा राग आला होता. पण नंतर एका रात्री माझेच वर्ग आठवले. परवचा म्हणताना, नखं-दात तपासताना मीही दोन-तीन मुलींना म्हणाले आहे, ‘अगं, मान जरा घासून येत जा.’ त्या मुली खाली बघत बसल्या होत्या. त्यांच्यापैकी किती जणींना आज शुगर असेल, कोण जाणे! त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल, तर बाळांनो, तुमच्या बाईंचं चुकलं. तो मळ नव्हता. तुम्ही स्वच्छच होतात. आणि अजून तपासली नसेल तर या आठवड्यात साखर तेवढी तपासून घ्या.

शिक्षिका असलेल्या माझ्या वाचक भगिनींनाही एवढंच सांगणं. अशी मान दिसली तर मुलीला वर्गात काही बोलू नका. तिच्या आईला बोलावून घ्या, आणि मान धुवायला नाही, रक्त तपासायला सांगा.

आमच्या न्हाणीघरातली घोसाळ्याची जाळी आता भांड्यांच्या कामाला लागली आहे. रविवारी सासूबाई अजूनही नातीच्या मानेला तेल लावतात. फक्त आता हळूवार, तळहाताने.